तेल देऊन ठेवलेली पक्कड

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, नदीकाठची माणसं दातवाली म्हणायची, आणि तिला त्याचा राग यायचा नाही. परगावचा कोणी जाळं घ्यायला आला, "दातवालीचं घर कुठलं?" म्हणत गल्लीत शिरला, की ती दारातूनच हात वर करून हसायची. दात दिसावेत म्हणूनच हसायची. लहान, घट्ट बसलेले, एकसारखे दात होते तिचे. पन्नाशी उलटली तरी एकही हलला नव्हता.

आमचं घर पाग विणणाऱ्यांचं. पाग म्हणजे फेकायचं जाळं. माणूस पाण्यात कमरेएवढा उभा राहतो, जाळं खांद्यावर घेतो, अंगाला वळसा देतो आणि सोडतो. ते हवेत गोल उघडतं आणि पाण्यावर पडतं. ते बुडतं ते काठाला लावलेल्या शिशाच्या मण्यांमुळे. एका पागाला साडेतीनशे मणी. प्रत्येक मण्याला एक चीर, त्या चिरेत दोरी बसवायची आणि मणी दाबून बंद करायचा. मणी ढिला राहिला तर सरकतो, जास्त दाबला तर दोरीच तुटते. जाळं विणणं कोणालाही शिकवता येतं. मणी बसवणं हीच खरी विद्या.

मणी मी ओतायचो. मागच्या खोलीत चुलीवर लोखंडी पळीत शिसं वितळवायचं, वरची राखेसारखी साय काढायची आणि दगडी साच्यात धार सोडायची. गार झालेले मणी मी परातीत ओतायचो आणि आक्कापुढे सरकवायचो. आक्का मूठभर मणी गालात धरायची, शिंपीण ओठांत टाचण्या धरते तशी. जिभेनं एकेक मणी पुढे आणायची, चीर दोरीकडे वळवायची आणि दात मिटायची. कुट्. पुढचा. कुट्. हात दोरी ओढत राहायचे, तोंड मणी बसवत राहायचं. दोन दिवसांत पाग तयार. बाकीच्या घरांत हातोडी आणि चिमटे घेऊन माणसं चार दिवस बसायची, आणि त्यांचे पाग पाण्यात पडले की पायरीवरून पोतं गडगडल्यासारखा आवाज यायचा. आक्काचा पाग पडला की एकच आवाज. जणू नदीनं ओठ मिटले.

"दाताला कळतं," ती म्हणायची. "हाताला कळत नाही. दोरीनं मणी पकडला की नाही, ते दाताला कळतं."

"आणि चव?" मी चिडवायचो.

"गोडसर लागतं. तुला काय माहीत. तू नुसता आचारी, जेवणारी मी."

आम्ही हसायचो. त्या खोलीत आम्ही फार हसलोय, आणि आता ते हसू आठवलं की मान खाली जाते.

आक्काला एकच मुलगी, बारकी. तिच्याआधी दोन वेळा दिवस राहिले आणि गेले, तिसऱ्या वेळी ही जगली. बारकी चार वर्षांची असताना मेव्हणे आजारात गेले आणि मायलेकी माहेरी, माझ्याकडे आल्या. मी लग्न केलं नाही. मला तेच घर झालं. बारकी पाचव्या वर्षी मणी बसवायला लागली. तिचे दुधाचे दात पडले, नवे आले, ते आक्कानं बोट फिरवून तपासले आणि म्हणाली, "माझ्यावर गेलीय." त्या दिवशी आक्काचं तोंड असं उजळलं होतं, की पोरगी शाळेत पहिली आली असती तरी एवढं उजळलं नसतं.

बारकी सात वर्षांची असताना ती आरोग्यवाली बाई आली.

सायकलवर यायची. चष्मा, पाठीला पिशवी, पायात पुरुषी बूट. गल्लीतल्या प्रत्येक घरात ती गेली होती, आमच्याकडे शेवटी आली. आक्का आणि बारकी समोरासमोर बसून मणी बसवत होत्या, मधे जाळं पसरलेलं. बाई दारातच थबकली. मग खाली बसली, जाळ्यावर पाय पडू न देता. ते मला आवडलं होतं.

"किती वर्षं तोंडात धरता हे?" तिनं विचारलं.

आक्कानं गालातले मणी ओंजळीत काढले. "दात आले तेव्हापासून."

"आणि ही?"

"हिलाही आलेत की दात."

बाई हसली नाही. ती सावकाश सांगत गेली. शिसं तोंडातून पोटात जातं, पोटातून रक्तात. मोठ्या माणसाच्या अंगात थोडं मुरतं, बरंचसं बाहेर पडतं. लहान मुलाचं अंग मात्र कोरड्या मातीसारखं असतं, पडेल ते पिऊन घेतं. "तुमचं एक वेळ राहू द्या," ती म्हणाली, "पण हिच्या तोंडात नका देऊ." आणि तिनं पिशवीतून एक पक्कड काढली. नवी कोरी, तोंडाशी खोबण असलेली, खास मणी दाबायला करून घेतलेली. प्रत्येक घराला एक, फुकट.

दारात तोवर शेजारणी जमल्या होत्या. आक्का पक्कड हातात घेऊन उलटसुलट पाहत होती. ती काय बोलणार, याची सगळे वाट पाहत होते. तेवढ्यात मी बोललो. मला जीभ आवरत नाही, आणि माणसं जमली की अजिबातच नाही.

"बाई, ही परत घेऊन जा. आमच्या घरात एक पक्कड आहे, ती जेवते पण."

शेजारणी फुटल्या. आक्काही हसली, सगळे दात दाखवून हसली. बारकी तर मणी सांडून लोळली. फक्त ती बाई हसली नाही. तिनं एक कागद पुढे केला. "पक्कड मिळाली आणि माहिती दिली, याची सही," ती म्हणाली. आक्कानं सही केली. मी पाहिली ती सही, वळणदार होती. मग बाई सायकलवर बसून गेली.

आक्कानं पक्कड वापरून पाहिली नाही असं नाही. तीन दिवस वापरली. चौथ्या दिवशी तो पाग मी नदीवर नेला आणि पाण्यात टाकला, तर पोतं गडगडल्यासारखा आवाज आला. काठावरच्या एकानं विचारलं, "दातवालीनं कवळी बसवली काय?" मी घरी येऊन ते सांगितलं. सांगायला नको होतं. आक्कानं पक्कड पुसली, तेलाचा हात दिला, चिंधीत गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी ठेवली. बाई पुन्हा आली तर गंजलेली दिसू नये म्हणून दर वर्षी तेल द्यायची. बाई पुन्हा आली नाही.

बारकी बारा वर्षं आणखी मणी चावत राहिली.

एकोणिसाव्या वर्षी तिला शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं आणि तिनं शिसं सोडलं ते सोडलंच. "मला नाही बाई जाळ्यात अडकायचं," म्हणाली. आक्काला वाईट वाटलं. बारकी तेवीस वर्षांची असताना तिचं लग्न झालं. जावई गाड्यांच्या पाट्या आणि फळ्या रंगवतो. नदीपलीकडे दोन खोल्यांचं घर, तो, त्याची आई आणि बारकी. विहीणबाई बोलायला फटकळ, पण पोटात काही न ठेवणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्या आक्काला म्हणाल्या होत्या, "तुमची लेक काम करते चांगलं, पण शिट्टी वाजवते हो दातांतून. सवय कोणाची?" आक्का त्या दिवशीही दात दाखवून हसली.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि बारकीला दिवस राहिले. चौथ्या महिन्यापासून ती सुकायला लागली. पोटात पीळ पडायचा, हातापायांना मुंग्या. रक्त कमी होतं, आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण चिकाटीच्या. त्यांनी रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि आठवड्यानं आम्हा सगळ्यांना बोलावलं. मी, आक्का, बारकी, जावई आणि विहीणबाई, पाचजण त्या लहानशा खोलीत. बसायला तीन खुर्च्या.

"रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "आकडा चौदा. फार नाही, पण पोटातल्या बाळाला हे चालत नाही. नाळेतून सरळ पलीकडे जातं. आत कोणी दार लावलेलं नसतं."

मी आक्काकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

परिचारिकेनं छापील कागद काढला आणि प्रश्न विचारायला लागली. गेल्या वर्षभरात घराला रंग दिला का? गेल्या वर्षभरात कोणतं चूर्ण, भस्म घेतलं का? गेल्या वर्षभरात जुन्या झिलईच्या भांड्यात आंबट काही ठेवलं का? प्रत्येक प्रश्नाच्या आधी तेच, गेल्या वर्षभरात. बारकी नाही, नाही म्हणत गेली. शेवटच्या प्रश्नाला ती अडखळली.

"लिंबाचं सरबत," ती म्हणाली. "सासूबाई बरणीत करून ठेवतात. मला मळमळतं म्हणून."

"कसली बरणी?"

"निळी," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या आईची. झिलईची." आणि मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "त्यात असतं का हो ते?"

"असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जुन्या झिलईत असतं. लिंबानं सुटतं. तपासून बघू."

बस. तिथं आक्कानं तोंड उघडायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बारकीला सुचलं नाही, कारण तिला विचारलं होतं वर्षभराचं, आणि तिला शिसं सोडून दहा वर्षं झाली होती. अंगाला लागलेली धूळ आंघोळीनं जाते तसं ते गेलं असणार, असं तिला वाटत होतं. आक्कालाही तसं वाटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण बाहेर आल्यावर जिन्यात तिनं माझा हात धरला. तिचं मनगट तेव्हाही लुळं पडायचं, विणून विणून पडतं असं आम्ही म्हणायचो. ती हळूच म्हणाली, "बरणीच असेल, नाही का रे?"

"असेल," मी म्हणालो.

अळीमिळी गुपचिळी. पन्नाशी उलटलेली दोन माणसं.

त्याच दुपारी आम्ही नदीपलीकडे गेलो. विहीणबाईंनी बरणी फळीवरून काढली. बुटकी, पोटाला फुगीर, निळी, काठाशी एक टवका उडालेला. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं बाहेर ठेवतील. त्यांनी ती मोरीत नेली आणि दगडावर आपटली. एकदा आपटून फुटली नाही. दुसऱ्यांदा फुटली.

"माझ्या हातानं पाजत होते," त्या म्हणाल्या. "रोज दोन पेले. नको म्हणायची तर ओरडून पाजत होते."

"आई, असू दे," जावई म्हणाला.

"काय असू दे?"

त्या मोरीच्या कडेला बसून राहिल्या. कोणीतरी ते तुकडे आवरायला हवे होते. आक्का उठली, कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि आवरायला लागली. मी दारात उभा होतो. ती एकेक तुकडा इतक्या हळू गोळा करत होती, की जणू पुन्हा जोडायचा होता. एक तुकडा विहीणबाईंनी मागून घेतला, तपासायला द्यायचा म्हणून. आक्कानं तो त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून तिनं बोलताना तोंडावर हात ठेवायला सुरुवात केली. गल्लीत कोणी हाक मारली तरी तळहात आधी ओठांवर जायचा. शेजारीण म्हणाली, "काय गं, दात गहाण टाकलेस का?" आक्का हसली नाही. मणी चावणं मात्र तिनं बंद केलं. मला काही न सांगता पेटीतून पक्कड काढली आणि पक्कडीनंच बसवायला लागली. बावीस वर्षांचं तेल होतं तिच्यावर. हातातून निसटायची.

महिन्याभरानं पुन्हा रक्त दिलं, पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा तीच खोली, त्याच तीन खुर्च्या.

"बरणीच्या तुकड्यात काही सापडलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आकडा एकोणीसवर गेलाय."

विहीणबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, त्या सुटल्या म्हणून मिटले. पण त्या पुटपुटल्या, "आईची होती."

"सरबत बंद, तरी वाढतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे घरात दुसरं काहीतरी आहे. तुम्ही काय काम करता?"

"पाट्या रंगवतो," जावई म्हणाला. त्याच्या नखांत पिवळा रंग होता, तो त्यानं मुठीत लपवला. "मीच आणत असेन घरी. कपड्यांवरून. काम सोडतो मी."

"सोडून काय करशील?" बारकी म्हणाली.

"हमाली करीन. काहीही करीन. तोवर तू मामाकडे जाऊन राहा. तिथं रंग नाही."

आमच्या घरी. जिथं मागच्या खोलीच्या भिंतींवर तीस वर्षांची शिशाची काजळी होती. बारकी मान हलवत होती. ते ठरत होतं.

"डॉक्टरीणबाई," आक्का म्हणाली.

तिचा हात तोंडावर होता. आवाज त्याच्याआडून येत होता, अस्पष्ट. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"हात काढा आजी, कळत नाही," परिचारिका म्हणाली.

आक्कानं हात काढला. नुसता काढला नाही, दोन बोटांनी खालचा ओठ खाली ओढला आणि तोंड डॉक्टरीणबाईंपुढे केलं, जनावराच्या बाजारात गुराचं तोंड दाखवतात तसं. मी तिच्याजवळ आयुष्य काढलं, पण तिच्या हिरड्या कधी पाहिल्या नव्हत्या. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, एक निळसर काळी रेघ होती. शिसपेन्सिलीनं काढावी तशी.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून पाहिलं. मग बॅटरी विझवली. "काय काम करता तुम्ही?"

"पाग विणते. मणी दातानं बसवते. हीपण बसवायची. पाचव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत."

"अगं आई, त्याला दहा वर्षं झाली," बारकी म्हणाली. "तेव्हाचं आता कुठून येईल?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढली आणि बारकीच्या अगदी समोर बसल्या. मी त्यांचं बोलणं जसं लक्षात राहिलं तसं सांगतो. त्या म्हणाल्या, रक्तातलं शिसं महिन्या-दोन महिन्यांत कमी होतं, हे खरं. पण सगळंच बाहेर जात नाही. काही मेंदूकडे जातं, काही मूत्रपिंडाकडे, आणि सगळ्यात जास्त हाडात जातं. शरीराला शिसं ओळखता येत नाही. त्याला तो हाडाला लागणारा चुनाच वाटतो. शरीर ते घेतं, मानानं आत नेतं आणि हाडात बसवून टाकतं. तिथं ते वीस-तीस वर्षं गप्प राहतं. दुखत नाही, खुपत नाही. मग बाई गरोदर राहते. बाळाला हाडं करायची असतात, चुना लागतो. जेवणातून पुरला नाही तर शरीर आईच्या हाडातून काढायला लागतं. चुना निघतो, आणि त्याच्याबरोबर तेही निघतं. रक्तात येतं. रक्तातून नाळेत.

"म्हणजे बाळ जसं मोठं होतंय," जावई सावकाश म्हणाला, "तसा आकडा वाढतोय."

"हो."

आक्का उभीच होती. "माझे हिच्याआधीचे दोन गेले," ती म्हणाली. "तेही..."

"ते आता सांगता येणार नाही आजी."

"आणखी एक सांगायचंय." ती आता बारकीकडे पाहत नव्हती, विहीणबाईंकडेही नाही. जमिनीकडे पाहत होती. "मला माहीत होतं. ही सात वर्षांची होती, तेव्हा एक बाई येऊन सांगून गेली. हिच्या तोंडात देऊ नका म्हणाली. पक्कड देऊन गेली. मी सही केली. आणि मागच्या महिन्यात इथं आले तेव्हाही माहीत होतं."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की पक्कड परत घेऊन जा असं मी म्हणालो. कवळीची गोष्ट नदीवरून मी घरी आणली. शिसं मी ओतलं. जिथं दहाजण जमले असते तिथं मला जीभ आवरली नसती. तिथं आम्ही मोजकेच होतो, आणि ती टाळूला चिकटली.

विहीणबाई बोलल्या. ओरडल्या नाहीत. "विहीणबाई, माझी बरणी फुटली तेव्हा केरसुणी तुमच्या हातात होती हो."

आक्कानं मान हलवली. होती.

बारकी उठली, पोटाखाली हात धरला आणि खोलीबाहेर गेली. जावई तिच्यामागे गेला.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या, चुन्याच्या आणि लोहाच्या. दूध, हिरव्या भाज्या, पोट रिकामं ठेवायचं नाही. बाहेरून चुना मिळाला की हाडातला कमी निघतो, म्हणाल्या. आमच्या घरात बारकीनं पाऊल ठेवायचं नाही. पुढच्या रक्तात आकडा सतरा आला, त्यापुढच्यात सोळा. हे मला जावयानं सांगितलं, वाटेत भेटला तेव्हा. त्याचं काम सुटलं नव्हतं. बारकी आक्काशी बोलत नव्हती.

आक्का त्या महिन्यांत मागच्या खोलीच्या भिंती खरवडून धूत होती. ओल्या फडक्यानं, धूळ उडू नये म्हणून. चूल मी मोडली, पळी पुरली. मणी आता लोखंडी पत्र्याचे, तयार मिळतात ते, पक्कडीनं बसवतो. पाग चार दिवसांत होतो आणि पाण्यात पडला की पोतं गडगडतं. काठावरचे हसतात. मी त्यांना काय झालं ते सांगायला सुरुवात करतो आणि अर्ध्यात सोडून देतो. माझ्या तोंडून आजवर त्यांनी विनोदच ऐकलेत, ते हसायची तयारी करून उभे असतात.

मुलगा झाला. वजन कमी, पण रडणं खणखणीत. त्याच्या टाचेतून रक्त काढलं, त्यातही आकडा निघाला, लहान, पण निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्ष ठेवू, बसायला लागेल, बोलायला लागेल तेव्हा बघत राहू, आत्ताच काही म्हणता येत नाही. बाराव्या दिवशी बारकीचा निरोप आला. जावईच घेऊन आला, खाली मान घालून. "ये म्हणालीय. हात धुऊन ये म्हणालीय."

आक्कानं घरी आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, आणि तिथं पोचल्यावर मोरीत बसून पुन्हा हात धुवायला लागली. कोपरापर्यंत. साबण, पाणी, साबण, पाणी. विहीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पुरे की हो. कातडी निघेल." त्यांनी तिला पुसायला पंचा दिला.

मग आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. बारकी बोलायची, कामापुरतं. बाळाला आक्काच्या मांडीवर द्यायची. आक्का त्याला धरायची, पण त्याचा मुका घ्यायची नाही. तोंड बाजूला ठेवायची.

बाळाला आठवा महिना लागला आणि दात यायला लागले. जे हाताला लागेल ते तोंडात. त्या दिवशी तो आक्काच्या मांडीवर बसून तिचं बोट ओढत होता आणि ती ते सोडवून घेत होती. बारकी समोर कपड्यांच्या घड्या घालत होती, विहीणबाई चहा टाकत होत्या. बारकीनं मान वर न करता सहज विचारलं, "आई, मला दात येत होते तेव्हा काय द्यायचीस चावायला?"

आक्काचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते फक्त तिला आणि मला माहीत होतं. मेव्हण्यांच्या घरी मी तिला मणी पोचवायला जायचो, त्यात एक मोठा मणी मी मुद्दाम ओतून नेला होता. गुळगुळीत, चीर नसलेला, दोरीत ओवलेला. भाचीसाठी. ती तो चोखत तासन्‌तास पडून राहायची, रडायची नाही. आम्ही म्हणायचो, जातीचीच आहे.

कापडाचा बोळा म्हणाली असती तर चाललं असतं. कोणी तपासायला जाणार नव्हतं. मी पापणी हलवली, सांगू नको म्हणून. ती तिनं पाहिली.

"मणी," आक्का म्हणाली. "शिशाचा. गळ्यात बांधलेला असायचा."

घडी घालणारे हात थांबले. चहा उकळून वर आला, विहीणबाईंनी तो खाली घेतला आणि मोजूनमापून पेले मांडत राहिल्या. बारकी उठली. तिनं बाळाला आक्काच्या मांडीवरून उचललं आणि आतल्या खोलीत गेली. आक्का तशीच बसून राहिली, मांडीत रिकामी जागा, तोंडावर हात नाही. ती जायला उठेल असं मला वाटलं.

"बसा," विहीणबाई म्हणाल्या. "चहा झालाय."

बऱ्याच वेळानं आतून बारकीचा आवाज आला. "आई, हात धुतलेत ना?"

"धुतलेत."

"मग ये आत. हा फडका ओला करून दे याला. मला कपडे आवरायचेत."

आक्का उठली आणि आत गेली. मला कोणी बोलावलं नाही, आणि मी मणी कोणी ओतला होता ते सांगितलं नाही. मी मोरीत गेलो, साबण घेतला आणि नळाखाली हात धरून उभा राहिलो. तो आधीचा विनोद आणि ही आताची पापणी, दोन्ही माझीच. आतून बाळ फडका चोखत असल्याचा आवाज येत होता. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मला त्यांनी पुरे म्हटलं नाही.